वीस पौंडांचा हिशेब

जानेवारी 1968 मध्ये नायजेरियाने आपल्या नोटांचे रंग बदलले आणि जुन्या नोटा बाद ठरवल्या. नोटबंदी म्हटली की आपल्याला 2016 मधल्या रांगा आठवतात. इथे मात्र नेम काळ्या पैशावर नव्हता, बियाफ्रावर होता.

पूर्व नायजेरियातल्या, मुख्यतः इग्बो लोकांच्या या प्रदेशाने ओजुक्वू यांच्या नेतृत्वाखाली 30 मे 1967 रोजी स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं होतं. झेंडा नवा, पण खिशातला पैसा जुनाच: नायजेरियन पौंड. तो परदेशात वटवून शस्त्रं घेता येत. रंग बदलताच ती वाट बुजली, आणि 29 जानेवारीला बियाफ्राने घाईघाईने स्वतःच्या नोटा काढल्या, 5 शिलिंग आणि 1 पौंडाच्या. त्यांवर पामतेलाचं झाड आणि उगवता सूर्य.

कागदाच्या नोटेला दोन टेकू लागतात. सरकारने ती पगारात द्यावी आणि करात परत घ्यावी, हा एक. बाजारात तिच्या बदल्यात काहीतरी मिळावं, हा दुसरा. बियाफ्रात पहिला टेकू बराच काळ टिकला. दुसरा, युद्धात नायजेरियाने केलेल्या नाकेबंदीने मोडला. मे 1968 मध्ये पोर्ट हारकोर्ट हे बंदर गेलं, मुलूख आक्रसत गेला, नोटा मात्र छापल्या जात राहिल्या. तेवढ्याच मिठामागे जास्त नोटा धावू लागल्या की भाव चढणारच. 1969 मध्ये 5 आणि 10 पौंडांच्या नोटा आल्या. मोठ्या नोटा हा महागाईचा थर्मामीटरच म्हणायचा.

मीठ आणायला बायका जीव मुठीत धरून युद्धरेषा ओलांडत. या व्यापाराला ‘अफिया अटॅक’ म्हणत. अफिया म्हणजे बाजार. पलीकडे बियाफ्राची नोट कोण घेणार?

15 जानेवारी 1970 रोजी बियाफ्राने शरणागती पत्करली आणि नोटांचा उरलासुरला टेकूही गेला. मग आला नायजेरिया सरकारचा तो निर्णय, जो इग्बो घरांत आजही कडवटपणे सांगितला जातो: युद्धकाळात बँक खातं वापरलेल्याला, शिल्लक कितीही असो, सरसकट 20 नायजेरियन पौंड. अर्थखातं तेव्हा अवोलोवो यांच्याकडे होतं. सरकारची बाजू काहीही असो, हजारो पौंडांचा धनी आणि पन्नास पौंडवाला एकाच रांगेत आले. दोनच वर्षांनी, 1972 मध्ये, परदेशी कंपन्यांचे हिस्से नायजेरियन लोकांना विकायचा हुकूम निघाला, तेव्हा बहुतेक इग्बोंकडे घ्यायला भांडवलच नव्हतं.

ज्या पौंडांत हा हिशेब मिटवला, ते पौंडही 1 जानेवारी 1973 रोजी गेले. नायजेरियाने नायरा आणला.