माघारीला किंमत देणारा पट

शेवटची फेरी. समोरच्या खेळाडूच्या तीन तुकड्या उरल्या आहेत, टेकडीवर माझ्या सात. तरीही तो तिन्ही सोंगट्या उचलून टेकडीला भिडवतो. फासे पडतात आणि तिन्ही डब्यात जातात. खऱ्या सेनानीने असं क्वचितच केलं असतं, पण त्या खेळाडूचं काही चुकलं नव्हतं. डाव संपताच त्या तुकड्यांची किंमत शून्य होणार होती, मग एकदा नशीब अजमावायला काय हरकत? चूक होती ती नियमांची.

डावपेचांच्या युद्धखेळांतली ही मला सर्वांत खटकणारी उणीव. खऱ्या लढाईला उद्या असतो, पटावरच्या लढाईला नसतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मन सैन्याने कोंडीत पकडलेले ब्रिटन आणि मित्रदेशांचे ३ लाख ३८ हजारांवर सैनिक फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून समुद्रमार्गे बाहेर काढले गेले. तोफा आणि वाहनं बहुतेक तिथेच राहिली. जागा कोणी जिंकली एवढंच मोजणाऱ्या खेळात हा निव्वळ पराभव ठरेल. ब्रिटनला मात्र पुढचं सैन्य उभारायला हीच माणसं उपयोगी पडली.

माघार कधी घ्यावी याचं एक साधं गणित आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने ते मांडलं. दोन्ही बाजू सारख्याच कुशल असतील आणि एकमेकांवर नेम धरून गोळीबार करत असतील, तर दोघांच्या संख्यांच्या वर्गांतला फरक लढाईभर कायम राहतो. समजा, शत्रूचे १० आणि आपले ६. वर्ग १०० आणि ३६, फरक ६४. आपले सहाही पडले तर शत्रूचे ८ उरतील. आता मधेच थांबून बघा. आपले दोन पडून चार उरलेत. तेव्हा शत्रूचे उरतात ६४ अधिक १६, म्हणजे ८० चं वर्गमूळ, जवळपास ९. पहिल्या दोघांच्या मोबदल्यात शत्रूचा एक गेला. उरलेले चौघे शेवटपर्यंत लढले, तर त्या चौघांच्या मोबदल्यात आणखी एकच जाणार! मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं, तेव्हा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो होतो.

गणित समजूनही माणूस मागे हटत नाही, ही निराळी अडचण. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं, की ठरलेलं नुकसान समोर दिसू लागलं की माणूस मोठा धोका पत्करायला तयार होतो. हरत आलेला खेळाडू म्हणूनच सगळं पणाला लावतो. त्यात निकाल फक्त हार किंवा जीत असा असेल, तर त्याला थांबवायला नियमांत काहीच नसतं.

षट्कोनी घरांच्या पटावरच्या युद्धखेळांत, फाशावरून चकमकीचा निकाल ठरवणाऱ्या तक्त्यावर ‘बचाव करणारा मागे हटतो’ असा निकाल कितीतरी वर्षांपासून आहे. पण ती फाशांनी लादलेली माघार. मला हवी आहे ती खेळाडूने स्वतः, वेळेत निवडलेली. त्यासाठी पटाबाहेर सुखरूप नेलेल्या तुकडीला गुण द्यावे लागतात, किंवा लढायांची मालिका खेळवून वाचलेल्या तुकड्या अनुभवासकट पुढच्या डावात आणाव्या लागतात. मला मालिकाच जास्त पटते. तिथे वाचवलेली तुकडी पुढे खरोखर लढायला मिळते.

गुण जास्त झाले तर मात्र पहिल्या गोळीलाच सगळे पळ काढतात. संगणकाला बक्षीस आणि दंड देऊन खेळ शिकवतानाही हेच होतं: नुकसानीचा दंड जड केला, की तो लढणंच टाळायला शिकू शकतो. शिवाय माघार फुकट असू नये. पाठ फिरवलेल्या तुकडीवर पाठलाग करणारा तुटून पडतो, त्यामुळे उशिरा घेतलेली माघार महागच पडायला हवी.

याच विचाराने मी एक डाव बदलून पाहिला. पूल सहा फेऱ्या रोखून धरायचा, आणि त्यानंतर बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीला गुण. पाचव्या फेरीत त्याच खेळाडूकडे चार तुकड्या होत्या. तिघींना निघायचं तर पिछाडी सांभाळायला एक पुलावर ठेवावी लागणार होती. ती कोणती, हे ठरवायला त्याने साऱ्या डावातला सर्वांत जास्त वेळ घेतला.