स्वीडन २०० वर्षं 'कुणाच्याच बाजूला नव्हता' हे खरं नाही

स्वीडन मार्च २०२४ मधे नाटोत (अमेरिका-युरोपच्या लष्करी गटात) गेला तेव्हापासून एक मेसेज फिरतोय की २०० वर्षं तटस्थ राहिलेला देश एका रात्रीत बदलला. अहो एका रात्रीत काही नाही झालं. १८१४ नंतर ते कुठल्या युद्धात उतरले नाहीत हे बरोबर, पण युद्ध न करणं वेगळं आणि कुणाशीच संबंध न ठेवणं वेगळं, इथेच सगळ्यांची गल्लत होते.

१३ जून १९५२ ला त्यांचं एक डीसी-३ विमान बाल्टिक समुद्रावर सोव्हिएत मिग लढाऊ विमानाने पाडलं, आत ८ माणसं. सरकार कित्येक वर्षं सांगत राहिलं की ते ट्रेनिंगचं उड्डाण होतं, प्रत्यक्षात ते रशियन रडार आणि रेडिओ ऐकत होतं आणि ही माहिती अमेरिका-ब्रिटनला जायची. घरच्यांना खरं कळायला किती वर्षं गेली याचा विचार करा, फार वाईट वाटतं. विमान सापडलं थेट २००३ ला, आता लिंशोपिंगच्या म्युझियममधे आहे.

१९९४ ला सरकारच्याच आयोगाने मान्य केलं की युद्ध झालंच तर पश्चिमेकडून मदत घ्यायची तयारी गुपचूप चालू होती. त्याच वर्षी नाटोशी उघड भागीदारी, पुढे अफगाणिस्तानात सैनिक, २०११ ला लिबियावर त्यांची ग्रिपेन लढाऊ विमानं. फक्त सही राहिली होती.