खुलासा: झाडं लावली की गाणारे पक्षी वाचतात?

‘जंगलतोडीमुळे गाणारे पक्षी संपत चाललेत, मोकळ्या माळावर झाडं लावा, ते परत येतील.’ हा निरोप दर पावसाळ्यात फिरतो. भावना चांगली आहे, पण सगळ्याच पक्ष्यांना हे लागू होत नाही.

हिरवी मुनिया आणि रुंद शेपटीचा गवतपक्षी, दोघेही धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत (आययूसीएन) ‘असुरक्षित’ आहेत. दोघेही गवतातले. मध्य भारत आणि राजस्थानातल्या अबूच्या परिसरातली मुनिया उंच गवतात, झुडपांत, अगदी उसातही घरटं बांधते. तिचं मोठं दुखणं म्हणजे पिंजऱ्यासाठी होणारी धरपकड. तिथं झाड काय करणार? गवतपक्षी मात्र आपल्या सह्याद्रीचा. पावसाळ्यात डोंगरउतारावरच्या गवतात घरटं करतो. नर गात गात हवेत झेपावतो. वणवे, अति चराई आणि गवताळ उतारांवरची लागवड त्याच्या मुळावर येते. म्हणजे माळ झाडांनी भरला, तर त्याचं घरच जातं.

पडताळायचं असेल तर लाल यादीत अमंडावा फॉर्मोसा (मुनिया) आणि स्कोएनिकोला प्लॅटियुरस (गवतपक्षी) ही शास्त्रीय नावं शोधा, धोक्याची कारणं वाचा. जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या मसाई पठारावर दुर्बीण घेऊन तासभर थांबा, पाऊलवाट न सोडता. गवतात वावरणारे पक्षी कोणते आणि झाडांवरचे कोणते, याची वहीत नोंद करा. झाडं जरूर लावा, पण जिथं पूर्वी झाडं होती तिथं.