नाकाबंदी, खानदेशातील

रस्ता अडवून वाहने व प्रवासी तपासण्याची पोलिसी पद्धत. धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील तिचे स्वरूप आणि तीत गोळीबार झाल्यास लागू होणारे उत्तरदायित्व यांपुरती ही नोंद मर्यादित आहे.

या पद्धतीचा उगम ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी जेम्स औट्रमने १८२५ मध्ये धरणगावी उभारलेल्या भिल्ल पलटणीत शोधण्याचा प्रघात आहे. १८१८ नंतर सातपुडा व सातमाळा-अजिंठा रांगांतील घाटवाटा कंपनी सरकारच्या ताब्यात राहत नव्हत्या. ज्यांना त्या वाटांवरचे लुटारू ठरवले, त्या भिल्लांमधूनच पलटण भरली गेली. परंतु घाट राखण्याच्या मोबदल्यात भिल्ल नाईकांना (म्होरक्यांना) हक्क मिळण्याची चाल त्याआधीची होती. पलटणीने ती पगारी शिस्तीत बसवली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८९१ च्या सुमारास पलटण पोलिसांत विलीन झाली. चाळीसगाव-कन्नड घाटाला मात्र अजून औट्रम घाट म्हणतात.

सध्या मध्य प्रदेश सीमेवरील पळासनेर आणि गुजरात सीमेवरील नवापूर ही दोन तोंडे महत्त्वाची आहेत. दारू, गुटखा, वाळू यांच्या वाहतुकीवर नजर असते. चोपडा तालुक्याला लागून असलेले मध्य प्रदेशातील उमर्टी गावठी कट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध असल्याने तपासणी करणाऱ्या शिपायाची भीती निराधार नाही.

तरीही भीती हा गोळीबाराचा कायदेशीर आधार नव्हे. पोलिसांचा आदेश न पाळणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७९ खाली दंडाचा अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड ५०० वरून २,००० रुपयांपर्यंत गेला. उलट, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६(३) नुसार (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४३) अटक करताना मृत्यू घडवण्याचा अधिकार फाशी किंवा जन्मठेपेस पात्र अपराधाच्या आरोपीखेरीज कोणाबाबतही मिळत नाही. म्हणजे नाका तोडून पळणे एवढ्यावरून गोळी झाडता येत नाही. गाडी अंगावर घातली गेल्यास खासगी बचावाचा हक्क उरतो. तो सिद्ध करण्याचा भार मात्र गोळी झाडणाऱ्यावर असतो. टायरवर नेम धरल्याचा खुलासा पुरेसा मानू नये, कारण धावत्या गाडीत मागे बसलेले मूलही त्याच रेषेत असते.

दिल्लीत ३१ मार्च १९९७ रोजी कॅनॉट प्लेस येथे चुकीच्या गाडीवर गोळीबार होऊन दोघे मरण पावले. दहा पोलिसांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. लखनौत सप्टेंबर २०१८ मध्ये रात्री गाडी थांबवताना शिपायाच्या गोळीने चालक दगावला.

सप्टेंबर २०१४ मध्ये पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस गोळीबारातील मृत्यूंसाठी १६ निर्देश दिले. गुन्हा नोंदवणे, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याकडून तपास, दंडाधिकारी चौकशी, वापरलेले शस्त्र तपासणीसाठी जमा करणे हे त्यांतील प्रमुख होत. कर्तव्यावरील कृत्यासाठी खटल्यास शासनाची मंजुरी लागत असे व लागते; नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार १२० दिवसांत निर्णय न झाल्यास ती मिळाल्याचे धरले जाते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ च्या दुरुस्तीने राज्य व विभाग पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. खानदेशाचे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात. धडगाव, अक्कलकुवा यांसारख्या सातपुड्यातील तालुक्यांना विभागाचे मुख्यालय नाशिक फार दूर पडते.