सिग्नल विकेंद्रित नाहीये, कृपा करा

गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की पडवीत बसून एक तरी जण हमखास सांगणार, व्हॉट्सॲप सोडा, सिग्नल घ्या, ते ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड कोणालाही वाचता येतो, आणि डिसेंट्रलाइज्ड, म्हणजे विकेंद्रित आहे. पहिलं बरोबर, दुसरं साफ चूक. व्हॉट्सॲपच्या नव्या पॉलिसीवरून बोंबाबोंब झाली ती २०२१ च्या जानेवारीत, तेव्हापासून मी हे ऐकतोय. आता कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतो.

व्हॉट्सॲप काय असतं ते सांगत बसत नाही. हापूसच्या पेटीचा भाव, भजनाची वेळ, कोणाच्या बाराव्याचा निरोप, सगळं तिथेच येतं. मालक मेटा, कोड बंद, पण मेसेजला या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूप आहे आणि २०१६ पासून सगळ्यांना मिळालेलं ते कुलूप सिग्नलवाल्यांच्याच प्रोटोकॉलचं, म्हणजे ठरलेल्या पद्धतीचं आहे. टेलिग्रामच्या साध्या चॅटला असं कुलूप नसतंच, सीक्रेट चॅट मुद्दाम उघडावं लागतं, ग्रुपला तर तेही नाही, तरी लोक त्याला सेफ म्हणतात. असो.

खरा घोळ इथे आहे. कुलूप कसं आहे हा एक प्रश्न, कोड कोणाला वाचता येतो हा दुसरा, आणि सर्वर, म्हणजे मेसेज पुढे पोचवणारा मधला कॉम्प्युटर, कोणाचा हा तिसरा. विकेंद्रित हा शब्द फक्त तिसऱ्याचं उत्तर देतो, पहिल्या दोघांशी त्याचा काही संबंध नाही. सिग्नलचं कुलूप एक नंबर, कोडही उघडा, पण सर्वर एकाच संस्थेचे. तुम्ही त्यांचा कोड घेऊन दापोलीत स्वतःचा सर्वर उभा केलात तरी तिथून सिग्नलवरच्या मावशीला मेसेज जाणार नाही. म्हणून १५ जानेवारी २०२१ ला नव्या लोकांच्या लोंढ्याने ते सर्वर बसले तेव्हा जगभरचे सिग्नलवाले एकदम गप्प. व्हॉट्सॲपचंही तेच, २५ ऑक्टोबर २०२२ ला, ऐन दिवाळीत, दुपारी दोनेक तास बंद होतं. या बाबतीत दोघं सख्खे भाऊ.

आता मॅट्रिक्स घ्या, २०१४ पासून आहे. मॅट्रिक्स हे ॲप नाही, सर्वरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत आहे, आणि एलिमेंट हे त्यावर चालणाऱ्या ॲपांपैकी एक. ईमेलसारखं समजा, जीमेलवाला रेडिफवाल्याला मेल पाठवतोच की. २०२५ च्या सप्टेंबरात मॅट्रिक्सचा सगळ्यात मोठा सार्वजनिक सर्वर डेटाबेस बिघडल्यामुळे जवळजवळ दिवसभर बंद होता, पण ज्यांची खाती दुसऱ्या सर्वरवर होती त्यांच्या आपापसातल्या गप्पा चालू होत्या. हा आहे विकेंद्रितपणा, एवढाच आणि एवढा. बरं, ही काही कालची टूम नाही, एक्सएमपीपी नावाची अशीच पद्धत १९९९ पासून आहे, जुन्या गूगल टॉकवर गप्पा मारल्या असतील तर तुम्ही ते वापरलंय, आणि व्हॉट्सॲपही सुरुवातीला त्याच्यावरच थोडे फेरफार करून बांधलेलं होतं, फक्त कुंपण घालून.

मग मॅट्रिक्स एवढं चांगलं आहे तर लोक का घेत नाहीत? देवगडच्या माझ्या काकांना मी हौसेने असलं एक ॲप घालून दिलं होतं. पहिलाच प्रश्न, होमसर्वर निवडा, म्हणजे तुमचं खातं कोणाच्या सर्वरवर ठेवायचं ते. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "मेल्या, माका आंबो इकूचो आसा, सर्वर कसलो निवडूक सांगतस?" मग फोन नंबराऐवजी तो ॲट आणि कोलनवाला लांबलचक पत्ता, जो गिऱ्हाइकाला फोनवर सांगून बघा एकदा. मग रिकव्हरी की, म्हणजे नव्या फोनवर जुने मेसेज उलगडायची चावी, चार-चार अक्षरांचे बारा गट, ते मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. पुढच्या मे महिन्यात काकांचा फोन खाडीत पडला. नवा फोन घेतला, ॲप घातलं, पासवर्ड टाकला, आणि मागचे सगळे मेसेज राखाडी, उलगडता येत नाहीत म्हणे. की शोधायला गेलो तर जुनं कॅलेंडर काकूने आंब्याच्या पेटीत तळाला घातलेलं, पेटी पुण्याला पोचलेली. व्हॉट्सॲप त्याच फोनवर एका ओटीपीत परत आलं, ग्रुपसकट.

इथे लोक "डिझाइन भंगार आहे" म्हणून मोकळे होतात, तेही मला पटत नाही. थोडं आहे भंगार, मान्य. पण ओटीपीवर खातं आणि ग्रुप परत येतात कारण मध्ये एकच मालक बसलाय, त्याला माहितीय हा नंबर कोणाचा आणि फोनबुकातले कोणकोण त्याच्याकडे आहेत. तो मालक काढून टाकलात की त्याची कामं तुमच्या गळ्यात पडतात, म्हणजे सर्वर निवडणं, पत्ता सांगणं, चावी सांभाळणं. शिवाय नवीन काही आणायचं तर सगळ्या सर्वर आणि ॲपवाल्यांनी ते घ्यायला हवं, सिग्नलचा संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक २०१६ मध्ये हेच सांगून फेडरेशनला, म्हणजे वेगवेगळ्यांच्या सर्वरनी एकमेकांशी बोलण्याला, नाही म्हणाला होता. म्हणजे सिग्नल सोपं आहे ते विकेंद्रित नाही म्हणूनच.

अजून एक गैरसमज, पटकन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि टॉवर गेले, तेव्हा "विकेंद्रित ॲप असतं तर चाललं असतं" असं म्हणणारे भेटतात. नसतं चाललं. मॅट्रिक्सला इंटरनेट लागतंच. नेटशिवाय चालतं ते ब्रायरसारखं ॲप, ब्लूटूथ किंवा वायफायवर, म्हणजे या घरातून शेजारच्या घरात, श्रीवर्धनहून मुंबईला नाही. आणि २०२३ च्या मे महिन्यात सरकारने १४ मेसेजिंग ॲप्स ब्लॉक केली त्यात एलिमेंट आणि ब्रायर दोन्ही होती, हेही सल्ला देणाऱ्याने सांगावं.

माझं मत विचाराल तर घरच्यांना व्हॉट्सॲपवर राहू दे, फार तर सिग्नल. मॅट्रिक्स तिथेच घाला जिथे तुमच्यातला कोणीतरी सर्वर सांभाळणार आहे. फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्याच्यावर चॅप नावाचं ॲप चालवलंय, पण त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, तिघांची खाती एका मित्राच्या जुन्या पीसीवर, रत्नागिरीत, त्याच्या माळ्याखाली, दोघांची बाहेरच्या सर्वरवर. पावसात त्याच्याकडची लाइट गेली की आम्ही तिघं गप्प, ते दोघं आपले बोलत असतात, आणि लाइट आली की त्यांचं दिवसभराचं बोलणं आमच्या फोनवर धाडधाड येऊन पडतं.