भक्षक प्राण्यांसाठी लोकसहभागी सापळे, न्यूझीलंड

स्थानिक पक्षी वाचवण्यासाठी न्यूझीलंडमधील रहिवाशांनी बाहेरून आलेल्या भक्षक सस्तन प्राण्यांविरुद्ध चालवलेली मोहीम. परसदार, शाळेचे आवार, शेताची कड, ओढ्याकाठ, जंगलातील पायवाट अशा ठिकाणी लोक स्वतः सापळे लावतात, ठरावीक दिवसांनी तपासतात आणि काय सापडले याची नोंद ठेवतात. मोहिमेचा रोख मुख्यतः उंदीर, पॉसम हा झाडांवर राहणारा पिशवीधारी प्राणी आणि स्टोट, फेरेट, वीझल या मुंगसासारख्या सडपातळ, मांसाहारी प्राण्यांवर असतो.

न्यूझीलंडचा भूभाग सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन या प्राचीन महाखंडापासून तुटला. वटवाघळे सोडली तर तिथे आज जमिनीवरचा एकही स्थानिक सस्तन प्राणी नाही. पक्ष्यांना धोका होता तो वरून झडप घालणाऱ्या, नजरेने सावज हेरणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा. त्यामुळे संकट जाणवताच जागीच थिजणे आणि पालापाचोळ्याच्या रंगात मिसळून जाणे हाच अनेक जातींचा बचाव ठरला. वासावर माग काढणाऱ्या प्राण्यापुढे या बचावाचा काही उपयोग नाही. काकापो हा पोपट तर उडू शकत नाही आणि त्याच्या अंगाला उग्र वासही असतो.

तेराव्या शतकाच्या सुमारास माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांबरोबर किओरे हा उंदीर आला. पुढे युरोपीय जहाजांतून उंदरांच्या आणखी दोन जाती उतरल्या, फरच्या व्यापारासाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम आणले गेले. त्याआधी आणलेले ससे बेसुमार वाढले, तेव्हा त्यांना आवर घालण्यासाठी १८८० च्या दशकात स्टोट सोडण्यात आले. पक्ष्यांवर अनर्थ ओढवेल असा इशारा त्या काळच्या पक्षिशास्त्रज्ञांनी दिला होता. तो मानला गेला नाही. तौकिहेपा या स्टुअर्ट बेटाजवळच्या दक्षिणेकडील बेटावर उंदीर पोहोचले आणि १९६४ पर्यंत त्यांनी तिथे धुमाकूळ घातला. बुश रेन या चिमुकल्या पक्ष्याची आणि स्टुअर्ट बेटावरील पाणलाव्याची जात कायमची संपली. दक्षिण बेटावरील सॅडलबॅक हा पक्षी वाचला, कारण उरलेले ३६ पक्षी वेळेत उंदीरमुक्त बेटांवर हलवले गेले. भक्षक प्राणी आजही दरवर्षी सुमारे अडीच कोटी स्थानिक पक्षी मारतात, असा अंदाज नेहमी दिला जातो.

आपली साळुंकीही १८७० च्या दशकात तिथे नेऊन सोडण्यात आली. न्यूझीलंडमधील साळुंक्या मेलबर्नमधून आलेल्या पक्ष्यांच्या वंशातील असून मेलबर्नच्या साळुंक्यांचे मूळ महाराष्ट्रात आहे, असे जनुकीय अभ्यासातून दिसते. ती इतर पक्ष्यांची अंडी-पिल्ले खाते, म्हणून उत्तर बेटावर काही ठिकाणी तिलाही सापळ्यात पकडतात.

सापळ्यांची गरज सर्वांत स्पष्ट दिसते ती किवी या न उडणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत. किवीचे अंडे मादीच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढे असू शकते. तपकिरी किवीमध्ये ते नर अडीच महिने उबवतो. मात्र पिल्लाला आईबाप भरवत नाहीत. थोड्याच दिवसांत ते एकटे बिळाबाहेर पडून किडे शोधू लागते. वजन किलोभर होईपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, स्टोट त्याला सहज मारू शकतो. जिथे भक्षकांवर नियंत्रण नाही तिथे शंभरातील जेमतेम पाच पिल्ले प्रौढ होतात. नियंत्रण असलेल्या क्षेत्रात निम्म्याहून अधिक पिल्ले तगतात. मोठा किवी स्टोटला पुरून उरतो. त्याला धोका कुत्र्यांचा आणि फेरेटचा.

स्टोटसाठी सर्वाधिक वापरला जाणारा सापळा म्हणजे 'डॉक २००'. जोरदार स्प्रिंगचा हा सापळा लाकडी पेटीत बसवतात. पेटीच्या तोंडाशी जाळी आणि त्यात बेताचे भोक असते, त्यामुळे किवीसारखा पक्षी आत शिरू शकत नाही. आमिष म्हणून अंडे किंवा सशाचे मांस ठेवतात. उंदरांना पीनट बटर चालते. पॉसमसाठी सफरचंद आणि दालचिनी. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीवर चालणारा, वार केल्यावर आपोआप पुन्हा सज्ज होणारा सापळाही आहे. प्राणी तीन मिनिटांच्या आत बेशुद्ध होतो का, हे पाहून सापळ्यांची चाचणी घेतली जाते. जिवंत पकडणारा सापळा रोज तपासणे १९९९ च्या प्राणिकल्याण कायद्याने बंधनकारक आहे. पक्ष्यांच्या प्रेमापोटी केलेली असली तरी ही हत्याच आहे, आणि तिच्यातल्या यातना कमी करणे हा या कामाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

एक सापळा लावून काहीच साधत नाही. जंगलात उंदरांसाठी साधारण ५० मीटरवर एक असे सापळे ओळीने मांडतात आणि दोन ओळींत १०० मीटर अंतर राखतात. मधला पट्टा सुटला की उंदीर तिथूनच परततात. शहरात ही सलगता सरकारला एकट्याने राखता येत नाही, कारण बरीचशी जमीन खासगी परसांची असते. वेलिंग्टनमधील क्रॉफ्टन डाउन्स या उपनगरात २०१४ मध्ये दर पाच घरांमागे एका घरी सापळा असावा, असे ठरवून रहिवाशांनी काम सुरू केले. हे प्रारूप पुढे इतर वस्त्यांनीही उचलले. आता सापळ्यांच्या नोंदी मोबाइल ॲपवर होतात आणि कुठली ओळ रिकामी पडली आहे ते नकाशावर दिसते.

वेलिंग्टनमधील मिरामार द्वीपकल्पावर सुमारे २०,००० लोक राहतात. जमिनीची अरुंद पट्टी आणि तिच्यावरचा विमानतळ यांमुळे नव्या उंदरांचा शिरकाव रोखणे इथे तुलनेने सोपे होते. तरीही शेवटचे मोजके उंदीर शोधण्यातच सर्वाधिक कष्ट पडले. २०२३ मध्ये हा भाग उंदीर, स्टोट व वीझल यांपासून मुक्त झाला. पॉसम आधीच संपवले होते. शहराच्या पश्चिमेकडील डोंगरांत सुमारे २४,००० हेक्टरवर साडेचार हजारांहून अधिक सापळे लावल्यावर २०२२ मध्ये तिथे किवी सोडण्यात आले.

लोकांच्या सापळ्यांना मर्यादाही आहेत. दर काही वर्षांनी जंगलातील बीच (beech) वृक्षांना अमाप बी येते. त्यावर उंदीर वाढतात, उंदरांवर स्टोट वाढतात आणि बी संपले की सगळे घरट्यांकडे वळतात. दुर्गम पर्वतीय जंगलात अशा वेळी सरकारचा संवर्धन विभाग हेलिकॉप्टरमधून '१०८०' हे विष टाकतो. कुत्री आणि हरणे दगावण्याच्या भीतीने अनेक शिकारी व ग्रामीण नागरिक त्याला कडवा विरोध करतात. मात्र जिथे पायी पोहोचणेच अवघड, तिथे केवळ स्वयंसेवकांच्या भरवशावर पक्षी तगणार नाहीत.

जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान जॉन की यांच्या सरकारने २०५० पर्यंत हे भक्षक देशातून नाहीसे करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये रानटी मांजरांचा त्या यादीत समावेश करण्याचा निर्णय जाहीर झाला. पाळीव मांजरे त्यात येत नाहीत.