मार्गदर्शक श्वान

अंध किंवा अत्यल्प दृष्टी असलेल्या व्यक्तीला रस्त्यावरून सुरक्षित चालता यावे म्हणून निवडलेला आणि शिकवून तयार केलेला कुत्रा. अपंग व्यक्तींच्या मदतीला असणाऱ्या साहाय्यक श्वानांमध्ये शाळा काढून शिकवला गेलेला हा सर्वांत जुना प्रकार. ऐकू न येणाऱ्या माणसाला दाराची घंटा किंवा गजराचा आवाज नाकाने ढोसून कळवणारे श्रवणश्वान, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पडलेली किल्ली उचलून देणारे, दाराला बांधलेली दोरी ओढून दार उघडणारे सेवाश्वान हे नंतरचे. सेवाश्वानांची पद्धत अमेरिकेत बॉनी बर्गिन यांनी १९७५ पासून रुळवली.

कुत्रा अंध माणसाला ‘घेऊन जातो’ हा समज आधी काढून टाकायला हवा. पत्ता, वळणे, किती चौक ओलांडायचे हे सगळे माणसाच्या डोक्यात असते. कुत्र्याकडे कामे मोजकीच: सरळ रेषेत चालणे, अडथळा टाळणे, फुटपाथची कड किंवा पायरी आली की थांबणे, आणि सांगितलेले पाऊल धोक्याचे असेल तर ते न टाकणे. सिग्नलचे दिवे तो वाचत नाही. लाल आणि हिरवा यांतला फरक कुत्र्याच्या डोळ्यांना नीट कळत नाही. रस्ता ओलांडायची वेळ माणूस कानांनी ठरवतो. आपल्या दिशेने जाणारी, आपल्याला समांतर असलेली वाहने सुटल्याचा आवाज आला की तो ‘पुढे’ म्हणतो. म्हणूनच पांढऱ्या काठीने एकट्याने फिरायला शिकल्याशिवाय शाळा सहसा कुत्रा देत नाहीत. बिनआवाजाच्या विजेच्या गाड्यांनी या कामात मोठी अडचण आणली आहे.

दोरीने बांधलेला कुत्रा घेऊन चालणारे अंध भिक्षेकरी जुन्या युरोपीय चित्रांत दिसतात. दोरीतून मात्र फक्त ओढ कळते. कुत्र्याचा खांदा किंचित वळला, तो थबकला, एक पाय खाली गेला, हे कळत नाही. त्यासाठी कुत्र्याच्या अंगावर बांधलेल्या पट्ट्यांना, म्हणजे हार्नेसला, जोडलेली ताठ मूठ लागते. व्हिएन्नाचे योहान विल्हेल्म क्लाइन यांनी १८१९ मध्ये छापलेल्या पुस्तकात ही कल्पना मांडली होती, पण ती अंमलात यायला पहिले महायुद्ध लागले. युद्धात दृष्टी गेलेल्या जर्मन सैनिकांसाठी डॉ. गेर्हार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे पहिली शाळा काढली. पॉट्सडाम येथील शाळा १९२३ ची. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्रे वाढवणाऱ्या अमेरिकन बाई डोरोथी हॅरिसन यूस्टिस यांनी पॉट्सडामचे काम पाहून लिहिलेला लेख ५ नोव्हेंबर १९२७ रोजी अमेरिकेत छापून आला. तो वाचून घेतल्यावर नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने त्यांना पत्र लिहिले, १९२८ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ नावाच्या कुत्रीबरोबर प्रशिक्षण घेतले आणि परतल्यावर वार्ताहरांच्या देखत न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता ओलांडून दाखवला. २९ जानेवारी १९२९ रोजी ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. आज ती न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे आहे. ब्रिटनमध्ये १९३१ साली वॉलसी येथे ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या चार कुत्र्या पहिल्यांदा तयार झाल्या.

आज मुख्यतः लॅब्रॉडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, या दोहोंचा संकर आणि जर्मन शेफर्ड वापरतात. साधारण २५ ते ३२ किलो वजन आणि खांद्याशी ५५ ते ६० सेंटिमीटर उंची असली की मूठ हाताला बरोबर येते. लॅब्रॉडॉरचे खादाडपण शिकवणाऱ्याच्या फायद्याचे: बिस्किटाच्या एका तुकड्यासाठी तो तेच काम पन्नास वेळा करतो. याला आनुवंशिक कारणही आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये भूक भागल्याचे कळवणाऱ्या एका जनुकातला बिघाड लॅब्रॉडॉरमध्ये शोधला. घरगुती लॅब्रॉडॉरांत तो चारांतल्या एकात होता, तर तपासलेल्या साहाय्यक श्वानांत चारांतल्या तिघांत. दुसरी बाजू अशी की हाच कुत्रा लठ्ठ होतो आणि वाढलेले वजन सांध्यांवर येते. त्याचे खाणे रोज मोजून द्यावे लागते आणि शिकवतानाचे तुकडे त्यातूनच वजा करावे लागतात.

पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाले की स्वयंसेवी कुटुंबाकडे जाते आणि सव्वा ते दीड वर्षाचे होईपर्यंत तिथे राहते. ही कुटुंबे त्याला मार्गदर्शन शिकवत नाहीत. जिने, पायाखालच्या लोखंडी जाळ्या, बस, लिफ्ट, बाजार, फटाके, छत्र्या उघडणे, लहान मुलांचा गलका, हे सारे न बिचकता पाहायला शिकवतात; सांगितल्यावरच आणि सांगितलेल्या जागीच शी-शू करायला शिकवतात. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान जे भेटत नाही त्याची भीती पुढे काढणे फार कठीण जाते. शाळेत परतल्यावर नितंब आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी होते. इथे आणि पुढच्या प्रशिक्षणात बरीच पिल्ले गळतात. निर्भय पण मांजर दिसताच सुटणारा, किंवा हुशार पण मोटारीच्या हॉर्नने घाबरणारा कुत्रा या कामाचा नाही. तो घरी पाळायला किंवा दुसऱ्या कामाला दिला जातो.

प्रशिक्षण साधारण चार ते सहा महिने चालते. पहिला धडा सरळ रेषेचा, दुसरा कडेशी थांबण्याचा. खरा कस लागतो तो अंतर राखण्यात. कुत्रा स्वतः अडथळ्यातून सहज जातो, पण त्याच्या उजवीकडे दीडपट रुंदीचा आणि तिप्पट उंचीचा माणूस आहे. गाडीच्या आरशाला खांदा लागेल, लोंबणाऱ्या फांदीला कपाळ लागेल, हे त्याने मोजायचे असते. यासाठी प्रशिक्षक वाटेत छातीच्या उंचीवर आडवी काठी लावतो. कुत्रा खालून गेला की प्रशिक्षक मुद्दाम काठीला धडकतो, तिच्यावर थाप मारून आवाज करतो, चार पावले मागे येतो आणि पुन्हा तीच वाट चालतो. वळसा घेतला की लगेच शाबासकी आणि खाऊ. काठीची जागा आणि उंची रोज बदलावी लागते, नाहीतर कुत्रा काठीची जागाच पाठ करतो.

शहाणी अवज्ञा, म्हणजे धोक्याचा हुकूम न पाळणे, शेवटी शिकवतात. संस्थेचाच माणूस गाडी चालवत वळून अचानक समोर येतो. प्रशिक्षक ‘पुढे’ म्हणत असूनही कुत्र्याने थांबायचे, गरज पडल्यास मागे सरकायचे. रेल्वेच्या फलाटाच्या कडेला तो माणसाच्या आडवा उभा राहायला शिकतो. शेवटी प्रशिक्षक डोळ्यांवर पट्टी बांधून शहरात चालतो. मागून दुसरा लक्ष ठेवतो.

हुकूम छोटे आणि एकमेकांहून वेगळे ऐकू येणारे हवेत. जपानमधल्या बहुतेक शाळा ते इंग्रजीत देतात, कारण जपानीत बोलणाऱ्याप्रमाणे शब्दाचे रूप बदलते. मराठीतही ‘थांब’, ‘थांबा’, ‘थांब रे’ असे होतेच. घरात एकच रूप ठरवून घ्यावे लागते.

जोडी जमवणे हे या कामातले सर्वांत नाजूक काम. चालण्याचा वेग, उंची, हाताला किती ओढ सहन होते, घर शांत की गजबजलेले, हे पाहून कुत्रा निवडतात. आधी प्रशिक्षक स्वतः हार्नेसचे दुसरे टोक धरून कुत्र्याच्या जागी चालतो आणि अर्जदाराचा वेग हाताने अनुभवतो. मूठ डाव्या हातात, कोपर किंचित वाकलेले, माणूस अर्धे पाऊल मागे. मूठ लांब पडली तर संदेश उशिरा पोहोचतो आणि कडेवर पाय घसरतो. त्यानंतर दोन ते चार आठवडे दोघांचे एकत्र प्रशिक्षण होते.

पुढे बिघडते ते बहुधा घरी. माणूस मूठ वर उचलतो किंवा पावलागणिक ‘शाबास’ म्हणतो, तेव्हा कुत्रा संदेश देणे सोडतो. ताटातला घास मिळाला की तो बाजारात जमिनीवर अन्न शोधू लागतो. सर्वांत हानिकारक म्हणजे अनोळखी माणसाने लाडाने हात लावणे: लक्ष एक क्षण हटले आणि कड चुकली. हार्नेस घातलेल्या कुत्र्याला हाक मारू नये, खाऊ देऊ नये, मूठ धरू नये. मदत करायची तर माणसाला विचारावे.

कुत्रा तयार करायला हजारो डॉलर लागतात, पण ‘द सीइंग आय’ पहिल्या कुत्र्याचे १५० डॉलर आणि पुढच्यांचे प्रत्येकी ५० घेते. माजी सैनिकांकडून एक डॉलर. बाकी देणग्यांतून येते. दयेचे दान नाही, आपली वस्तू आहे, ही भावना या रकमेमागे आहे. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्याखाली दुकानदार, कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल तर, दोनच प्रश्न विचारू शकतो: हा अपंगत्वामुळे लागतो का, आणि कोणते काम शिकला आहे. कागद मागता येत नाही. ब्रिटनमध्ये टॅक्सीचालकाने जादा पैसे न घेता कुत्रा न्यावा लागतो. जपानने २००२ मध्ये तिन्ही प्रकारच्या श्वानांसाठी वेगळा कायदा केला.

भारतात असे कुत्रे क्वचित दिसतात. फुटपाथ तुटक असला की कुत्रा दर खड्ड्याशी थांबतो. हॉर्नच्या कल्लोळात समांतर वाहनांचा आवाज बुडतो. गल्लीतली मोकाट कुत्री अंगावर येतात आणि एका चाव्याने शिकलेला कुत्रा कायमचा बिथरू शकतो. उन्हाळ्यात डांबरावर पंजे भाजतात, त्यामुळे फिरणे सकाळ-संध्याकाळपुरते उरते. पुणे-मुंबईत शिकवायचे तर कडेऐवजी भिंतीलगत चालणे आणि दर अडथळ्यानंतर त्याच बाजूला परतणे, म्हणजे फुटपाथ नसलेल्या रस्त्याचा धडाच आधी घ्यावा लागेल.

कुत्रा सहा ते आठ वर्षे काम करतो. वेग मंदावला, जिन्याशी घुटमळू लागला की निवृत्त करतात. तो त्याच घरात राहिला तर नवा कुत्रा हार्नेस घालून निघताना जुनाही दारापर्यंत येतो. तो मागे लागू नये म्हणून जुन्याचा फेरफटका नव्याच्या कामाआधी उरकून घेतात.